पुण्यात नवीन आलात? नळाचं पाणी धरणापासून घरापर्यंत कसं येतं आणि ते घरच्या घरी कसं तपासायचं

दरवर्षी जून-जुलैत शिकायला, नोकरीला नवीन मंडळी पुण्यात येतात, फ्लॅट भाड्याने घेतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात की इथलं नळाचं पाणी डायरेक्ट प्यायलं तर चालतं का. उत्तरं दोन टोकाची मिळतात. एक जण म्हणतो पुण्याचं पाणी म्हणजे एकदम भारी, आम्ही लहानपणापासून नळालाच ओंजळ लावतोय, दुसरा म्हणतो आरओचा फिल्टर लावल्याशिवाय थेंबसुद्धा पिऊ नका. दोघंही अर्धंच सांगतायत. पाणी शुद्ध करायच्या प्लांटमधून बाहेर पडणारं पाणी चांगलंच असतं, पण तिथून तुमच्या किचनपर्यंत काही किलोमीटर पाईप, उंच टाकी, व्हॉल्व, मग सोसायटीची जमिनीखालची टाकी, मग गच्चीवरची टाकी असा प्रवास असतो आणि त्या सगळ्या वाटेवर पाण्याची राखण करायला एकच गोष्ट सोबत असते, पाण्यात उरलेला थोडासा क्लोरीन. तो तुमच्या नळाला आहे का नाही हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि कुणालाही जमतं. मला मनापासून वाटतं की प्रत्येक घरात एका माणसाला तरी हे यायला हवं, म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरणं पुण्याची आहेत पण प्लांट आणि टेस्ट नगरला, सोलापूरला, कोल्हापूरलाही याच.

पायरी १ : आपल्या नळाला पाणी कुठलं येतं ते आधी शोधा

पुणे शहराला मुख्य पाणी खडकवासला साखळीतून येतं. यात चार धरणं आहेत, टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. चौघांची मिळून साठवण साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. वरची तीन धरणं पाणी साठवून ठेवतात आणि लागेल तसं खाली खडकवासल्यात सोडतात, खडकवासला स्वतः लहान आहे, दोन टीएमसीच्याही आत, पण शहराला पाणी उचललं जातं ते इथूनच. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं आणि मागोमाग खडकवासलाही, निम्मं जुनं पुणं वाहून गेलं, त्यामुळे इथल्या जुन्या माणसांसमोर धरणाचा विषय काढलात तर पाण्याच्या आधी पूरच ऐकायला मिळेल. हेच पाणी कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीलाही जातं, म्हणून दर उन्हाळ्यात कालवा समितीची मीटिंग झाली की शहराला किती आणि शेतीला किती याची बातमी येते. ती वाचत जा, तुमच्याकडे पाणीकपात होणार का ते तिथेच कळतं.

खडकवासल्याचं पाणी पर्वती, वडगाव, वारजे, लष्कर अशा प्लांटला जातं. पूर्वेकडे, म्हणजे वडगाव शेरी, खराडी, विमाननगर बाजूला राहत असाल तर २०२१ पासून तिथे भामा-आसखेड धरणाचं पाणी येतं. पिंपरी-चिंचवडचं गणित वेगळं आहे, तिथलं पाणी मुख्यतः पवना धरणाचं, पण ते धरणातून पाईपने न येता नदीपात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचलून निगडीच्या प्लांटला नेतात. म्हणजे वाटेत नदीत जे जे मिसळेल ते सगळं प्लांटला काढावं लागतं. धरणातूनच बंद पाईपने पाणी आणायची योजना होती, तिला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता, ९ ऑगस्ट २०११ ला एक्सप्रेस वेवर बऊरजवळ आंदोलनात गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. नंतर ते काम कित्येक वर्षं थांबलेलं होतं. नळ सोडताना हेही माहीत असावं असं मला वाटतं.

आता तुमच्या बिल्डिंगचं काय? सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा वॉचमनला सरळ विचारा, महापालिकेचं कनेक्शन आहे का, बोअर आहे का, टँकर येतो का. वॉचमनला विचारलेलं जास्त बरं, कारण टँकर किती वाजता येतो आणि बोअरची मोटर कधी चालू करतात ते त्याला पक्कं माहीत असतं. शहराच्या कडेच्या भरपूर सोसायट्यांमध्ये तिन्ही पाणी एकाच टाकीत पडतं आणि मग नुसतं "पुण्याचं पाणी चांगलं" या वाक्याला काही अर्थ उरत नाही. धरणाचं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, त्यामुळे ते मऊ असतं, साबणाला फेस चटकन येतो. बोअरचं पाणी दगडातून झिरपून आलेलं असतं, बादलीवर, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतं. म्हणजे टेस्ट न करताही अंदाज येतो की टाकीत कुठलं पाणी जास्त आहे.

पायरी २ : प्लांटमध्ये काय काय होतं ते समजून घ्या

धरणातून पाणी उचलतात तिथे जॅकवेल असते, तोंडाला जाळ्या असतात, जलपर्णी, फांद्या, प्लास्टिक तिथेच अडतं. पुढे प्लांटला आलं की बऱ्याच ठिकाणी पाणी पायऱ्यांवरून खाली पडताना दिसतं, ते शोभेसाठी केलेलं नाही, हवा मिसळली की विरघळलेले वासाचे गॅस निघून जातात आणि लोह असेल तर त्याचा गाळ बनून पुढे काढता येतो. इथेच किंवा याच्या जरा आधी क्लोरीनचा पहिला डोस दिला जातो, शेवाळ वाढू नये म्हणून.

त्यानंतर तुरटी. आपल्या आज्या पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवायच्या त्याचंच हे मोठं रूप, हल्ली बऱ्याच प्लांटवर तुरटीऐवजी पीएसी वापरतात, म्हणजे पॉली अॅल्युमिनियम क्लोराईड. पाण्यातली माती इतकी बारीक असते की ती आपणहून खाली बसत नाही, कणांवर सारखाच विद्युतभार असल्याने ते एकमेकांना ढकलत राहतात, तुरटी तो भार मारते आणि कण एकमेकांना चिकटून कापसाच्या पिंजेसारखे पुंजके तयार होतात. त्यांना फ्लॉक म्हणतात. आधी जोरात ढवळायचं म्हणजे तुरटी सगळीकडे पोचते, मग वीस-तीस मिनिटं अगदी हळू ढवळायचं म्हणजे पुंजके मोठे होतात पण तुटत नाहीत. मग पाणी दोन-अडीच तास संथ ठेवायचं, गाळ खाली बसतो आणि वरचं निवळ पाणी कडेच्या पन्हळीतून पुढे जातं. हे सगळं ज्या गोल भल्यामोठ्या टाकीत होतं तिला क्लॅरिफ्लोक्युलेटर म्हणतात, नाव जड आहे पण प्लांटवर सगळे नुसतं क्लॅरिफायर म्हणूनच मोकळे होतात.

तुरटी किती टाकायची हे कसं ठरवतात ते मला सगळ्यात आवडतं. त्याला जार टेस्ट म्हणतात. एक-एक लिटरचे सहा काचेचे जार एका रांगेत ठेवायचे, सगळ्यात तेच कच्चं पाणी, प्रत्येकात तुरटीचा डोस चढता, मग सहाही जारमधले पंखे एकत्र फिरवायचे, आधी मिनिटभर जोरात, मग पंधरा-वीस मिनिटं हळू, मग बंद करून अर्धा तास थांबायचं आणि बघायचं की सगळ्यात कमी तुरटीत सगळ्यात निवळ पाणी कुठल्या जारमध्ये झालं. तोच डोस प्लांटला. मार्च-एप्रिलमध्ये हे काम निवांत असतं, पण पहिल्या मोठ्या पावसानंतर धरणात लाल गढूळ लोंढा आला की गढूळपणा तासातासाला बदलतो, सकाळी ठरवलेला डोस दुपारी कमी पडतो आणि केमिस्टला पुन्हा पुन्हा जार लावत बसावं लागतं. पहिल्या पावसात तुमच्याकडे पाणी जरा मातकट आलं तर त्यामागे बहुतेक हेच असतं.

मग फिल्टर बेड. वर बारीक वाळू, खाली चढत्या आकाराची खडी आणि तळाला पाईप. वाळूचा थर साधारण दोन-अडीच फूट. बसायचा राहिलेला बारीक गाळ आणि त्याच्याबरोबर भरपूर जंतूही इथे अडकतात. एक-दोन दिवसांत वाळू तुंबते, मग बॅकवॉश करतात, खालून हवा आणि पाणी उलटं सोडतात, वाळू उकळल्यासारखी वर उचलली जाते आणि सगळी घाण वरून वाहून जाते. कधी प्लांट बघायची संधी मिळाली तर बॅकवॉशची वेळ विचारून जा.

शेवटी क्लोरीन. मोठ्या प्लांटला तो गॅसच्या रूपात येतो, ९०० किलोच्या लांबुळक्या सिलेंडरमध्ये, त्याला टनर म्हणतात. हा गॅस हवेपेक्षा जड आणि विषारी, त्यामुळे त्या खोलीत एक्झॉस्ट फॅन खाली जमिनीलगत असतात, आणि गळती शोधायला अमोनियात बुडवलेला बोळा सांध्यांजवळ फिरवतात, गळत असेल तिथे पांढरा धूर दिसतो. पाण्यात क्लोरीन मिसळल्यावर किमान अर्धा तास द्यावा लागतो, जंतू लगेच मरत नाहीत. आणि हे महत्त्वाचं, डोस असा ठरवतात की जंतू मारून झाल्यावरही थोडा क्लोरीन पाण्यात शिल्लक राहावा. यालाच रेसिड्युअल क्लोरीन म्हणतात आणि भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, तो ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले ते आठवत असेल. हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो असा तो आजार. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा बॅक्टेरिया सापडला, जो दूषित पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या चिकनमधून पोटात जातो आणि काही जणांत पुढे जीबीएस घडवतो. त्या भागातल्या काही वस्त्यांना वर सांगितलेल्या सगळ्या टप्प्यांतून गेलेलं पाणी मिळत नव्हतं, विहिरीतलं पाणी क्लोरीन टाकून थेट पुरवलं जात होतं. शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या कुठल्याही गावात राहायला जात असाल तर एक प्रश्न नक्की विचारा, आमचं पाणी फिल्टर होऊन येतं का नुसतं क्लोरीन टाकून. गढूळ पाण्यात टाकलेला क्लोरीन मातीतच खर्च होतो आणि मातीच्या कणाआडचे जंतू वाचतात, म्हणून फिल्टर आधी आणि क्लोरीन नंतर.

पायरी ३ : वाटेत पाणी कुठे बिघडतं

आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही, कुठे चार तास, कुठे दोन, पिंपरी-चिंचवडमध्ये तर २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड. पाईपात पाणी दाबाने वाहत असतं तेव्हा पाईपाला भोक असलं तरी पाणी बाहेर पडतं, आत काही येत नाही. पण चावीवाल्याने व्हॉल्व बंद केला की दाब उतरतो, पाईप रिकामा होत जातो, आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून ड्रेनेजची गळकी लाईन गेली असेल तर काय आत येईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून पाणी आल्या आल्याची पहिली धार सगळ्यात वाईट असते, ती पाच-दहा मिनिटं झाडांना, फरशीला वापरा, पिण्याचं नंतर भरा.

पुण्यात दुरुस्तीसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद ठेवतात आणि पेपरात छापून येतं की शुक्रवारी सकाळी उशिरा कमी दाबाने पाणी येईल. त्या शुक्रवारी जास्त काळजी घ्या, पूर्ण दिवस पाईप रिकामे राहिलेले असतात.

याच कारणासाठी कळकळीने एक सांगतो, नळाच्या लाईनला डायरेक्ट मोटर लावू नका. पाणी कमी दाबाने येतं म्हणून लोक लावतात, त्यांची अडचण खरी असते, पण मोटर पाणी ओढते तेव्हा लाईनमधला दाब आणखी उतरतो आणि गल्लीतल्या प्रत्येक गळक्या सांध्यातून घाण आत खेचली जाते, तुमच्याच नव्हे तर शेजारच्यांच्याही घरात. बेकायदेशीर तर आहेच. पाणी आधी जमिनीवरच्या टाकीत आपल्या दाबाने पडू द्या आणि मोटरने तिथून वर चढवा.

पायरी ४ : घरच्या घरी तपासणी

आधी डोळे आणि नाक. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि उजेडात धरा. दुधासारखं पांढरं दिसतंय आणि मिनिटभरात खालून वर निवळत जातंय, तर ते हवेचे बुडबुडे आहेत, त्यांची काळजी नको. तांबूस किंवा पिवळं असेल तर बहुतेक जुन्या लोखंडी पाईपाचा गंज. उन्हाळ्यात मातीसारखा वास आला तर धरणातलं शेवाळ वाढलेलं असतं, वास नकोसा वाटतो पण सहसा त्रास होत नाही. स्विमिंग पूलसारखा वास म्हणजे क्लोरीन, त्याला घाबरू नका, उघड्या भांड्यात थोडा वेळ ठेवलं की उतरतो. आणि गटारासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते पाणी थांबवा आणि सरळ शेवटच्या पायरीवर जा. पण नितळ दिसतंय म्हणजे चांगलं असं अजिबात नाही, कावीळ आणि कॉलरा पसरवणारं पाणी काचेसारखं स्वच्छ असू शकतं.

म्हणून क्लोरीन टेस्ट. लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाईन क्लोरीन तपासायचं छोटं किट मिळतं. दोन प्रकार आहेत. जुना म्हणजे ओटी टेस्ट, गावागावात पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या खिशात असते ती, नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, बाजूच्या रंगपट्टीशी जुळवून किती आहे ते बघायचं. रंग लगेच बघायचा, थांबलात तर तो गडद होत जातो आणि मोकळा क्लोरीन आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. हे रसायन विषारी आहे, हाताला लावू नका, टेस्टचं पाणी बेसिनमध्ये ओतून नळी धुवा, लहान मुलांपासून लांब ठेवा. दुसरा प्रकार डीपीडी गोळीचा, त्यात गुलाबी रंग येतो, थोडा महाग पण जास्त भरवशाचा, घरासाठी मी हाच घ्या म्हणेन.

आता खरी गंमत अशी की टेस्ट एकाच नळाला करू नका. तीन ठिकाणी करा, महापालिकेचं पाणी सोसायटीत शिरतं तिथे, खालच्या टाकीत आणि तुमच्या किचनमध्ये. पहिल्या ठिकाणीच रंग आला नाही तर गडबड सोसायटीच्या बाहेर आहे, तक्रार महापालिकेकडे. पहिल्या ठिकाणी रंग आहे आणि खालच्या टाकीत नाही, तर तुमची टाकी घाण आहे किंवा टँकर-बोअरच्या पाण्यात क्लोरीनच नाहीये. खाली आहे आणि किचनमध्ये नाही, तर गच्चीवरची टाकी बघा. पाच मिनिटांत कळतं की भांडायचं कुणाशी. आणि पाणी आल्यावर लगेच करा, दोन दिवस साठलेल्या पाण्यात क्लोरीन उडून गेलेला असणारच.

जंतू आहेत का हे बघायला एच टू एस ची बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट, उबदार जागेत एक ते दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं पडलं तर मैलापाणी मिसळल्याचा दाट संशय. काळं नाही पडलं म्हणजे शंभर टक्के सुरक्षित असं मात्र नाही, विषाणू यात कळत नाहीत. टेस्ट झाल्यावर बाटलीत ब्लिचिंग पावडर टाकून मगच ओता, कारण आत तुम्ही जंतूच वाढवलेले असतात.

आणि टीडीएस मीटर? तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो. जंतूंबद्दल त्याला काहीही कळत नाही. आरओ विकायला आलेला माणूस मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि घाबरवतो, पण मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला धरलाय आणि दुसरा सोर्स नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. धरणाच्या पाण्याचा आकडा त्याच्या खूप खाली असतो. मीटर कामाचा आहे तो टाकीत बोअरचं पाणी किती मिसळलंय हे ओळखायला.

पायरी ५ : लॅबला कधी आणि कसं द्यायचं

बोअर किंवा विहीर वापरात असेल तर वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर, लॅब टेस्ट कराच. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या लॅब आहेत, एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या खाजगीही आहेत. रिपोर्टमध्ये पहिल्यांदा ई. कोलाय, म्हणजे मैलापाण्याची खूण असलेला जंतू, बघा, १०० मिलीत तो शून्यच पाहिजे, एकसुद्धा चालत नाही. मग नायट्रेट (हे आणि पुढचे आकडे, पीएच सोडून, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये), ४५ च्या वर गेलं तर बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांना धोका असतो, आणि उकळून ते कमी होत नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. मग फ्लोराईड, १ पर्यंत चांगलं, फार तर १.५, पुण्यात सहसा याचा प्रश्न येत नाही पण तुम्ही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे बदलीवर गेलात तर तिथे बोअरचं पाणी पिण्याआधी हा आकडा बघितल्याशिवाय राहू नका. पीएच ६.५ ते ८.५ मध्ये असावा, कठीणपणा २०० च्या आत असेल तर उत्तम.

नमुना घेण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली नेऊ नका, जंतूंच्या टेस्टसाठी लॅबकडूनच निर्जंतुक बाटली आणा. तिच्यात थोडं सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन मारतं, नाहीतर लॅबला जाईपर्यंत बाटलीतच जंतू मरत राहतात आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. म्हणून ती बाटली विसळायची नाही. नळाला लावलेली नळी, जाळी काढा, तोटी पुसा, लोखंडी किंवा पितळी असेल तर लायटरने शेकवा, दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या, मग झाकणाच्या आतल्या बाजूला हात न लावता भरा, वर थोडी जागा सोडा, बर्फात ठेवा आणि जमलं तर सहा तासांच्या आत पोचवा.

पायरी ६ : सोसायटीची टाकी

हे काम कुणालाच नको असतं. खालच्या टाकीचं झाकण उघडून बघा, जमिनीच्या पातळीला आहे का, पावसाचं पाणी आत जातं का, ड्रेनेजचं चेंबर किती जवळ आहे, ओव्हरफ्लोच्या पाईपाला जाळी आहे का. ही चार उत्तरं मीटिंगमध्ये मांडा.

दर सहा महिन्यांनी टाकी रिकामी करून घासायला हवी. आत उतरणारा माणूस एकटा नको, झाकण बराच वेळ उघडं ठेवून हवा खेळू द्या, वर कुणीतरी थांबलेलं पाहिजे, बंद टाकीत गुदमरून माणसं दगावतात. घासून धुतल्यावर टाकी भरा आणि हजार लिटरला दीडशे ग्रॅम या हिशोबाने ब्लिचिंग पावडर, म्हणजे आपली टीसीएल, टाकून रात्रभर ठेवा, त्या वेळात खालून वर एकही नळ कुणी उघडणार नाही असं सगळ्यांना सांगा, आणि सकाळी ते पाणी पूर्ण सोडून द्या.

रोजचा डोस वेगळा. टँकर किंवा बोअरच्या पाण्याला हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. पावडर डायरेक्ट टाकीत फेकू नका, प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता, अर्धा-एक तास थांबा आणि किटने तपासा. रंग आला नाही तर पावडर जुनी असेल, ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो पण पिशवी उघडी राहिली, ओल लागली की तो उडून जातो. छोटी पाकिटं आणा आणि कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा.

पायरी ७ : मग घरी काय लावायचं

महापालिकेचं पाणी येतंय, तीनही ठिकाणी क्लोरीन दिसतोय, तर साधा गाळणीचा फिल्टर आणि यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन, पुष्कळ झालं. आरओ हे क्षार काढायचं मशीन आहे, बोअरचं जड पाणी असेल तर त्याचा उपयोग आहे, धरणाच्या मऊ पाण्याला लावून तुम्ही एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी गटारात सोडता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं की ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला.

शंका असेल त्या दिवशी उकळा. बुडबुडे उसळून वर यायला लागले की एक मिनिट पुरे, आणि त्याच भांड्यात झाकून गार करा, दुसऱ्या भांड्यात ओतलंत तर त्या भांड्यातले जंतू परत आले. नुसत्या फडक्याने गाळून किंवा तुरटी फिरवून गाळ जातो, जंतू मरत नाहीत. वीस लिटरचा थंड जार मागवत असाल तर सीलबंद आहे का आणि आयएसआय मार्क आहे का बघा, वाटेल तिथे भरलेला सुटा जार म्हणजे कुणाच्या तरी बोअरचं गार केलेलं पाणी असू शकतं.

पायरी ८ : तक्रार अशी करा की काम होईल

"पाणी घाण येतंय" एवढंच सांगितलं तर कुणाला काही शोधता येत नाही. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात पाणीपुरवठ्याचा ज्युनिअर इंजिनीअर असतो, त्याच्याकडे लेखी द्या आणि त्यात एवढं लिहा: तारीख, पाणी किती वाजता आलं, रंग-वास कसा होता, किती वेळाने साफ झालं का नाही झालं, क्लोरीन टेस्ट कुठे केली आणि काय आलं, आजूबाजूच्या कुठल्या बिल्डिंगमध्येही तसंच आहे, आणि मागच्या काही दिवसांत तिथे रस्ता, ड्रेनेज किंवा केबलसाठी खोदकाम झालंय का. शेवटची गोष्ट विसरू नका, लाईन बऱ्याचदा तिथेच फुटलेली असते. ग्लासातल्या पाण्याचा फोटो जोडा. शेजारच्या घरांमध्ये जुलाब, उलट्या, काविळीचे दोन-तीन पेशंट एकदम दिसले तर पाणी खात्याबरोबर आरोग्य खात्यालाही त्याच दिवशी कळवा, आणि नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत टाकीत टीसीएल टाकू नका, नाहीतर जे शोधायचंय तेच मरून जाईल, तोपर्यंत सगळ्यांनी उकळून प्या.